जुन्या फोनला तिजोरीची चाकरी

जुन्या स्मार्टफोनचं काय करायचं, याची घराघरांत ठरलेली उत्तरं आहेत. एक्स्चेंजमध्ये द्यायचा, आजोबांच्या हाती सोपवायचा, नाहीतर ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचा. क्रिप्टोवाल्यांनी चौथं उत्तर काढलंय. सिम काढा, इंटरनेट तोडा आणि त्याला बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळायला बसवा. याच कामासाठी हार्डवेअर वॉलेट नावाचं वेगळं यंत्र मिळतं, पण त्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. इथे फोन घरचाच. मग हे जमतं का? जमतं. फक्त वाटेत गमती बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काही महागात पडणाऱ्या आहेत.

फोनमध्ये नाणं नसतंच

पहिला धक्का इथेच. बिटकॉइन तुमच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हवर किंवा कुठल्याही वॉलेटमध्ये नसतो. तो असतो ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खतावणीत. ही खतावणी ३ जानेवारी २००९ पासून लिहिली जातेय आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. फोनमध्ये असते फक्त खासगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड संख्या. आकडे मोजायला बसलात तर ७८ पर्यंत भरतात.

याचा अर्थ, फोन रिक्षात राहिला आणि किल्लीची नक्कल घरी असली, तर नाणं शाबूत. किल्लीच गेली, तर नाणं साऱ्या जगाला दिसत राहतं, पण कुणालाही हलवता येत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका संगणकतज्ज्ञाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्याचा दावाच निकाली काढला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुसऱ्या एका प्रोग्रामरकडे यंत्र आहे, पण त्याचा पासवर्ड तो विसरलाय. आत ७,००२ बिटकॉइनची किल्ली. दहा चुका झाल्या की यंत्र कायमचं कुलूपबंद होतं, आणि २०२१ मध्ये त्याची बातमी छापून आली तेव्हा त्याच्या आठ चुका करून झाल्या होत्या.

चोरापेक्षा मालकाचाच धोका जास्त, हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे.

एक फोन बोलका, एक मुका

या सगळ्या युक्तीत फोन दोन लागतात. रोजचा फोन इंटरनेटवर असतो, पण त्याच्याकडे किल्ली नसते. तो शिल्लक बघू शकतो, खर्च करू शकत नाही. जुन्या फोनकडे किल्ली असते, पण त्याला जगाशी बोलायला बंदी. मग व्यवहार होतो कसा? क्यूआर कोडने.

रोजच्या फोनवर तुम्ही लिहिता : अमुक पत्त्यावर तमुक रक्कम. तो त्याचा क्यूआर कोड दाखवतो. जुना फोन कॅमेऱ्याने तो वाचतो, रक्कम आणि पत्ता स्वतःच्या पडद्यावर दाखवतो, तुम्ही होकार दिलात की किल्लीने डिजिटल सही करतो आणि सही केलेल्या व्यवहाराचा नवा कोड दाखवतो. रोजचा फोन तो वाचून नेटवर्कवर पाठवतो. किल्ली जुन्या फोनच्या बाहेर पडली नाही. बाहेर आली फक्त सही. व्यवहार मोठा असला, की एका कोडात मावत नाही. मग जुन्या फोनवर एकामागून एक बदलणाऱ्या कोडांचा छोटासा सिनेमाच सुरू होतो आणि दुसरा फोन तो मन लावून बघत बसतो. बघायला मजा येते.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत १९९४ मध्ये जन्माला आला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. आज तो भाजीवालीच्या गाडीवर टांगलेला असतो आणि इकडे एका मुक्या फोनची भाषा होऊन बसलाय.

हे काम करणारी अ‍ॅप फुकट मिळतात. एअरगॅप व्हॉल्ट हे तर याच कल्पनेवर बेतलेलं : ‘व्हॉल्ट’ जुन्या फोनवर, त्याचं जोडीदार ‘वॉलेट’ रोजच्या फोनवर. फक्त बिटकॉइन असेल तर इलेक्ट्रम आहे. २०११ पासूनचं, म्हणजे या दुनियेत अगदी आजोबांच्या पिढीचं.

कांदा, बटाटा, लसूण, आलं

७८ आकडी संख्या कोण लिहून ठेवणार? म्हणून २०१३ मध्ये बीआयपी-३९ नावाचं मानक आलं. त्यात बरोबर २,०४८ सोपे इंग्रजी शब्द आहेत. तुमच्या वॉलेटची सगळी जडणघडण त्यातल्या १२ किंवा २४ शब्दांत बसते. हीच ती सीड फ्रेज. यादी ‘अबँडन’पासून सुरू होते आणि ‘झू’वर संपते. मध्ये आख्खं स्वयंपाकघर आहे : ऑनियन, पोटॅटो, गार्लिक, जिंजर, राइस, शुगर, मँगो, कोकोनट. फादर, मदर, हजबंड, वाइफ, अंकल, कझिन असे नातेवाईकही आहेत. क्रिकेट आहे. आणि हळूच मध्ये ‘सातोशी’ही बसवलाय, बिटकॉइनच्या अज्ञात जनकाचं टोपणनाव.

यादी बनवणाऱ्यांनी एक हुशारी केलीय. कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. म्हणजे चार अक्षरं लिहून ठेवली तरी पुरतं, बाकीचा शब्द आपोआप कळतो. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, चेक भाषांतल्याही याद्या आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. कुणी उत्साही मंडळी हे वाचत असतील तर काम मोकळं आहे.

आपल्याला आवडणारे बारा शब्द आपणच निवडले तर? चालत नाही. शेवटच्या शब्दात तपासणीचा हिशेब दडलेला असतो. मनाने बारा शब्द रचले तर सोळांत एखादाच प्रयत्न लागू पडतो. आणि लागू पडला तरी वापरू नये, कारण माणसाच्या मनात येणारे शब्द दुसऱ्याच्याही मनात येतात. ‘अबँडन’ अकरा वेळा आणि शेवटी ‘अबाउट’ हा नियमात बसणारा सर्वांत प्रसिद्ध संच आहे. चाचणीसाठी तो कागदपत्रांतच छापलाय. त्या पत्त्यावर कुणी चुकून पैसे टाकले, तर ते उचलायला प्रोग्राम टपून बसलेले असतात.

नीट निवडलेल्या बारा शब्दांच्या मागे मात्र ३९ आकडी शक्यता उभ्या असतात. तिथे अंदाजपंचे काही चालत नाही.

फासे टाका

‘नीट निवडलेल्या’ या दोन शब्दांत सगळी ग्यानबाची मेख आहे. निवड फोन करतो. फोनला यदृच्छया, म्हणजे काही ठरवून न करता, संख्या काढायला सांगणं ही गोष्ट वाटते त्याहून फार अवघड.

ऑगस्ट २०१३ मध्ये कळलं, की अँड्रॉइडचं संख्या काढणारं यंत्रच सदोष होतं. बिटकॉइनच्या प्रत्येक सहीसाठी एक नवी गुप्त संख्या लागते. तीच संख्या दोनदा आली, तर दोन सह्या शेजारी ठेवून शाळकरी बीजगणिताने किल्ली काढता येते. नेमकं तेच झालं आणि लोकांची नाणी गेली. गंमत म्हणजे याच चुकीने २०१० मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ चं कुलूपही उघडलं होतं. तिथे तर ती संख्या दर वेळी एकच होती!

२०२३ चा किस्सा त्याहून मजेशीर. एका जुन्या, नावाजलेल्या बिटकॉइन साधनात शब्द काढायची आज्ञा होती. ती घड्याळाच्या वेळेवरून संख्या काढायची. त्यामुळे ३९ आकडी शक्यतांच्या जागी उरल्या फक्त ४२९ कोटी. वाचायला मोठा आकडा, संगणकाला मात्र किरकोळ. चोरांनी सगळे संच पालथे घातले. घड्याळ शून्यावर ठेवलं, की त्या साधनातून निघणारे पहिले दोन शब्द होते ‘मिल्क सॅड’. तेच या घोटाळ्याचं नाव पडलं.

म्हणून जाणकार मंडळी फोनवर भरवसा ठेवण्याऐवजी साधे फासे टाकतात. लुडोचे चालतात. ५० वेळा टाकले की १२ शब्दांपुरती यदृच्छा जमते, २४ शब्दांना ९९ वेळा. एअरगॅप व्हॉल्ट तर कॅमेऱ्यातलं दृश्य, मायक्रोफोनमधला गोंगाट आणि पडद्यावरचं तुमच्या बोटांचं रेघोट्या ओढणं, सगळं एकत्र कालवून घेतं.

एअरप्लेन मोडची लबाडी

फोन मुका केला असं आपल्याला वाटतं. फोनला वाटत नाही.

आयफोनवर वरून पडदा ओढून वाय-फायचं बटण बंद केलंत, तर ते बंद होतच नाही. फक्त चालू जोडणी सुटते. स्थानिक वेळेनुसार पहाटे ५ वाजले, की फोन गुपचूप ओळखीचं वाय-फाय शोधायला लागतो. खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. एअरप्लेन मोडही लाडावलेला आहे. त्यात एकदा तुम्ही ब्लूटूथ चालू ठेवलंत, तर पुढच्या वेळी तो ते लक्षात ठेवतो. आणि आयफोन ११ नंतरची बहुतेक मॉडेल तर पूर्ण बंद केल्यावरही बारीक इशारे देत राहतात, हरवला तर सापडावा म्हणून. एरवी गुणाची गोष्ट, इथे डोकेदुखी.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी फॅक्टरी रीसेट. मग एकदाच इंटरनेट, कारण आयफोन पुसल्यावर अ‍ॅपलच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय चालूच होत नाही. त्याच बैठकीत सिस्टिम अद्ययावत करायची, अ‍ॅप उतरवायचं आणि लांबलचक पासकोड घालायचा. मग वाय-फायचा पासवर्ड ‘विसरायला’ लावायचा, सिम काढायचं, ब्लूटूथ आणि एनएफसी बंद करायचं. एवढं झाल्यावरच शब्द जन्माला घालायचे. आणि त्यानंतर, शब्द आत असेपर्यंत, हा फोन पुन्हा कधीच नेटवर नाही. ‘एक मिनिटासाठी यूट्यूब’ म्हणून हात लावणाऱ्या भाच्याला तर नाहीच नाही.

इंटरनेट तोडलं म्हणजे सगळं संपलं, असंही संशोधक मानत नाहीत. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या मोर्देखाय गुरी यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की नेटवर नसलेल्या संगणकात आधीच विषाणू शिरलेला असेल, तर तो आवाज, उजेड किंवा विद्युतचुंबकीय लहरींतून बिटकॉइनची किल्ली बाहेर फेकू शकतो. तुमच्या-आमच्या ड्रॉवरवर एवढी मेहनत कुणी घेणार नाही, पण फोन आधी नीट पुसून का घ्यायचा, ते यातून कळतं.

गॅलरीतला हावरा पाहुणा

बारा शब्द कागदावर लिहायचा कंटाळा आला, की माणूस काय करतो? फोटो काढतो. चोरांना हे पक्कं ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीने स्पार्ककॅट नावाचा विषाणू उघडकीस आणला. तो गुगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअर या दोन्ही दुकानांतल्या अ‍ॅपमध्ये लपला होता. गॅलरी बघायची परवानगी मागायचा, फोटोंतला मजकूर वाचायचा आणि सीड फ्रेजसारखं काही दिसलं, की तो फोटो चोरांकडे रवाना करायचा. सत्यनारायणाच्या पूजेच्या फोटोंना हातही लावायचा नाही, एवढा शिस्तीचा.

तेव्हा फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, स्वतःलाच ईमेल नाही. कागद चालेल, पण कागदाला पावसाळा आणि वाळवी दोन्ही आवडतात. हौशी लोक स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरं ठोकतात. हे पोलाद वितळायला सुमारे १,४०० अंश सेल्सियस लागतं, घराला लागलेली आग सहसा तिथवर पोचत नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून देणारे कारागीर गल्लोगल्ली असायचे. कितीही सोयीचं वाटलं तरी हे काम त्यांच्याकडे नेऊ नका. पंच आणि हातोडी आणून स्वतः ठोका.

कंपन्यांनाही मोह झाला

जुना फोन कशाला, नवाच घ्या, असं म्हणणारेही आले. २०१८ मध्ये एचटीसीने ‘एक्सोडस १’ आणला. त्याची सुरुवातीची किंमत होती ०.१५ बिटकॉइन. रुपये-डॉलर नाहीतच. त्याच वर्षी सिरिन लॅब्जचा ‘फिनी’ आला. हॅल फिनी या प्रोग्रामरच्या नावाचा. जानेवारी २००९ मध्ये सातोशीकडून पहिले १० बिटकॉइन घेणारा हाच. २०१९ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस१० मध्ये किल्ल्यांसाठी वेगळा कप्पा ठेवला.

सगळ्यांत भन्नाट कथा सोलाना कंपनीच्या ‘सागा’ची. २०२३ मध्ये हजार डॉलरला आला, कुणी विचारेना. किंमत ५९९ वर आणली, तरी खप नाही. मग डिसेंबरात कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रत्येक फोनबरोबर ‘बॉन्क’ नावाची, कुत्र्याचं चित्र असलेली ३ कोटी नाणी फुकट मिळतात आणि त्यांचा भाव वाढून फोनच्या किमतीपलीकडे गेलाय. बघता बघता फोन संपले. लोकांनी घेतली नाणी, फोन आला वर.

चिप म्हणते, हे माझं गणित नाही

आयफोन ५एस पासून, म्हणजे २०१३ पासून, आयफोनच्या मुख्य चिपमध्ये गुपितं सांभाळणारा वेगळा कप्पा असतो. मग किल्ली त्याच्यातच का ठेवत नाहीत? कारण तो कप्पा सही करतो एका गणिती वक्राने आणि बिटकॉइन चालतो दुसऱ्याच वक्रावर. त्यामुळे अ‍ॅप किल्ली कुलूपबंद करून ठेवायला त्या कप्प्याची मदत घेतं, पण सहीच्या क्षणी किल्ली साध्या मेमरीत येते. खास हार्डवेअर वॉलेट आणि जुना फोन यांच्यातला खरा फरक हा. नेट नसलेल्या फोनला याची धास्ती कमी, पण शून्य नाही.

पडदा वाचा, मग होकार द्या

२१ फेब्रुवारी २०२५. दुबईच्या बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथेरियम नावाचं नाणं गेलं. नाणी ‘कोल्ड’, म्हणजे नेटपासून तोडलेल्या, वॉलेटमध्ये होती, एकापेक्षा जास्त लोकांच्या सह्या लागत होत्या. तरी गेली. कारण सही करणाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर पडत होती. अमेरिकेच्या एफबीआयने बोट दाखवलं उत्तर कोरियाकडे.

छोट्या चोरांची पद्धत आणखी सोपी. तुम्ही पत्ता कॉपी करता, विषाणू मधल्या मध्ये तो बदलून स्वतःचा पत्ता चिकटवतो. असलं अ‍ॅप २०१९ मध्ये खुद्द गुगल प्लेवर सापडलं होतं. म्हणूनच जुन्या फोनचा पडदा महत्त्वाचा. तिथला पत्ता, समोरच्या माणसाने दिलेला पत्ता, दोन्ही अक्षरन् अक्षर ताडून बघायचे. कंटाळवाणं आहे. करायचंच.

विदर्भातला मे महिना

पडून असलेल्या फोनचा खरा शत्रू हॅकर नसून बॅटरी असते. पूर्ण भरून ठेवली तर क्षमता घटते, पूर्ण रिकामी ठेवली तर कायमची मरते. अ‍ॅपल सांगतं, निम्मी भरून ठेवा, दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा आणि जागा ३२ अंशांखालची हवी. नागपूर-चंद्रपूरकरांनी हे वाक्य वाचून हसून घ्यावं. माळ्यावरचा पत्र्याचा डबा तेवढा टाळा. पाठ फुगलेला फोन तर या कामाला अजिबात नको, सरळ ई-कचऱ्यात द्या.

इतका खटाटोप कशाला?

एक्स्चेंजवरच ठेवली नाणी तर? १८ जुलै २०२४ ला मुंबईत जन्मलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे महिनोन् महिने अडकले. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून त्यामागेही उत्तर कोरियाचं नाव घेतलं. कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये वारला, तो आपल्या जयपुरात. किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. २०२० मध्ये ओंटारियोच्या नियामकाने चौकशी करून सांगितलं, की मुळात तो सगळा घोटाळाच होता.

स्वतःच्या ड्रॉवरची बाजू ही. दुसरी बाजू अशी, की ड्रॉवरला नॉमिनी नसतो. बँकेत वारस दाखला घेऊन जाता येतं; बिटकॉइनला कोर्टाचा हुकूम समजत नाही, बारा शब्दच समजतात. ते कुठे आहेत हे घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ठाऊक हवं. आणि नाणी ड्रॉवरमध्ये गेली म्हणून प्राप्तिकर खात्याच्या नजरेआड गेली, असं समजू नका. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला, शिवाय एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोयही ठेवली नाही.

माझं मत विचाराल, तर किरकोळ रक्कम आणि शिकायची हौस असेल तेव्हा जुना फोन झकास. झोप उडेल एवढी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या, तेही कंपनीकडूनच, कुणी वापरलेलं नको. आणि क्रिप्टो नसेलच, तर केवळ फोन रिकामा आहे म्हणून घ्यायला जाऊ नका.

करणारच असाल, तर आधी शंभर-दोनशे रुपयांचं नाणं पाठवा. मग जुना फोन पूर्ण पुसून टाका, त्यावर अ‍ॅप पुन्हा घाला, ते करताना नेटवर यावंच लागतं, आणि फोन पुन्हा मुका केल्यावरच, नुसत्या कागदावरच्या बारा शब्दांवरून, तेच वॉलेट परत उभं करून बघा. शिल्लक जुळली आणि त्यातून परत सहीही झाली, तरच पुढची रक्कम हलवा.